धानाची बुरशी आणि माणसाची बुरशी : शासकीय अर्थसाहाय्य, सहयोगी संशोधन व वडसा परिसर – एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

वैनगंगेच्या काठी वसलेले वडसा, म्हणजेच देसाईगंज, हे गडचिरोली जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. गोंदिया–नागभीड–चांदाफोर्ट लोहमार्गावरील स्थानक, धानाची बाजारपेठ आणि झाडीपट्टी रंगभूमीचे केंद्र म्हणून ते सर्वपरिचित आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. मात्र वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, आरमोरी या पट्ट्याचे जीवन विभाजनापूर्वी आणि नंतरही एकाच पिकाभोवती फिरत राहिले. ते पीक म्हणजे धान. पावसाळ्यात बांधीतील चिखलात अनवाणी उभे राहून केलेली रोवणी आणि दिवाळीच्या सुमारास सुरू होणारी कापणी व मळणी हे येथील श्रमजीवनाचे दोन ध्रुव होत.

या जीवनाचा बुरशीशी दुहेरी संबंध येतो. करपा, तपकिरी ठिपके हे धानाचे रोग बुरशीमुळे होतात. पायाच्या जखमेतून शिरणारा मायसेटोमा आणि धानाचे पाते वा कुसळ डोळ्याला लागून बुबुळावर होणारा व्रण हे माणसाचे रोगही बुरशीमुळे होऊ शकतात. पहिल्या प्रकारच्या बुरशीविरुद्ध शासनाने देशव्यापी सहयोगी संशोधनाची यंत्रणा उभारली. दुसऱ्या प्रकारच्या बुरशीविरुद्ध जगात आजही माणसासाठी एकही मान्यताप्राप्त लस उपलब्ध नाही. ही तफावत कशी निर्माण झाली, शासकीय अर्थसाहाय्याने बुरशी-संशोधनाला कोणकोणती वळणे दिली आणि त्यातून वनक्षेत्रातील जिल्ह्यांसाठी कोणता बोध निघतो, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

वसाहतकाळ : नोंद झाली, निधी वळला नाही

माणसाच्या बुरशीजन्य रोगांच्या शास्त्रीय इतिहासातील एक महत्त्वाचे प्रकरण मुंबईत लिहिले गेले. मदुराईच्या दवाखान्यात डॉ. गिल यांनी १८४२ साली पाय सुजवून विद्रूप करणाऱ्या एका रोगाची नोंद केली होती. त्यावरून 'मदुरा फूट' हे नाव रूढ झाले. या रोगाचा पद्धतशीर अभ्यास हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांनी केला. 'ग्रेज अॅनॅटॉमी' या विख्यात ग्रंथातील आकृत्या काढणारे हेच कार्टर १८५८ साली मुंबई इलाख्याच्या वैद्यकीय सेवेत दाखल झाले. त्यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात अध्यापन केले आणि पुढे सातारा येथेही सेवा बजावली. रोगाचे मूळ बुरशीत आहे हे प्रतिपादन करून त्यांनी त्यास 'मायसेटोमा' हे नाव दिले व १८७४ साली या विषयावर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. या रोगाचे काही प्रकार बुरशीमुळे तर काही बुरशीसारख्या दिसणाऱ्या जीवाणूंमुळे होतात, हे पुढे विसाव्या शतकात स्पष्ट झाले. तथापि भारतातील शेतकऱ्याच्या पायावरील व्याधीकडे सूक्ष्मदर्शकातून पाहण्याचा मार्ग कार्टर यांनीच दाखवला.

या नोंदीनंतर शासनाचा पैसा त्या दिशेने वळला नाही. तो वळला प्लेगकडे. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ पसरली, त्याच वर्षी वाल्डेमार हाफकिन यांना पाचारण करण्यात आले. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या आवारात त्यांनी लस तयार केली व १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९९ साली परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा स्थापन झाली. १९२५ पासून ती हाफकिन संस्था या नावाने ओळखली जाते. साथरोग अधिनियमही १८९७ सालचाच.

कार्टर आणि हाफकिन यांच्या कार्यात जेमतेम पाव शतकाचे अंतर आहे. एका रोगाला ग्रंथ मिळाला, दुसऱ्याला प्रयोगशाळा, कायदा आणि लस. याचे कारण केवळ वैज्ञानिक नव्हते. प्लेग माणसागणिक पसरत होता, व्यापार थांबवत होता, बंदरे बंद पाडत होता. मायसेटोमा एका माणसापासून दुसऱ्याला होत नाही. तो ज्याचा पाय चिखलात आणि काट्यात असतो त्यालाच गाठतो, वर्षानुवर्षे झिजवतो आणि साथीच्या तक्त्यात कधीच उमटत नाही. शासकीय निधी साथीमागे जातो, व्याधीमागे नव्हे, हे सूत्र येथेच दृढ झाले असे म्हणता येईल.

सार्वजनिक क्षेत्र : पिंपरीची मृदा आणि बुरशीनाशक औषधे

स्वातंत्र्योत्तर काळात चित्र काही अंशी बदलले. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने केंद्र शासनाने पुण्याजवळील पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी स्थापन केली. १९५५ पासून तेथे पेनिसिलीनचे उत्पादन सुरू झाले. या कारखान्याला जोडूनच संशोधन विभाग होता आणि कवकशास्त्रज्ञ डॉ. एम. जे. तिरुमलाचार यांच्या नेतृत्वाखाली मातीतील सूक्ष्मजीवांचा शोध तेथे चालला. १९६१ साली या गटाने 'हॅमायसिन' हे बुरशीनाशक प्रतिजैविक जाहीर केले. ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळाले त्याच्या जातिनामात 'पिंप्रिना' असा पिंपरीचा उल्लेख कायमचा कोरला गेला. पाठोपाठ 'ऑरिओफंजिन' आले. पहिले मुख्यत्वे माणसाच्या त्वचा व श्लेष्मल आवरणावरील संसर्गासाठी वापरले गेले. दुसरे पिकांच्या रोगांसाठी, ज्यात धानावरील करप्याचाही समावेश होता.

जागतिक पातळीवर याला एक समांतर उदाहरण आहे. निस्टॅटिन हे सुरुवातीचे महत्त्वाचे बुरशीनाशक न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य विभागातील एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन यांनी १९५० साली जाहीर केले. त्याच्या नावातच न्यूयॉर्क राज्याचे नाव आहे. दोघी वेगवेगळ्या शहरांत काम करीत व मातीचे नमुने टपालाने एकमेकींना पाठवीत. त्यातून मिळालेल्या स्वामित्वशुल्काची रक्कम त्यांनी स्वतःकडे न ठेवता संशोधनाकडेच वळवली. म्हणजे बुरशीनाशक औषधांच्या आरंभकाळात, अमेरिकेत असो वा भारतात, सार्वजनिक पैशाचा वाटा मोठा होता.

पिंपरीच्या प्रयोगशाळेचे वैशिष्ट्य हे की तेथे धानाची बुरशी आणि माणसाची बुरशी एकाच छताखाली अभ्यासली गेली. हा योग फार काळ टिकला नाही. हॅमायसिनचा शरीरांतर्गत संसर्गावरील उपयोग मर्यादित ठरला आणि १९९० च्या दशकात कंपनीचीच गणना आजारी उद्योगांत झाली. बुरशीनाशक औषधांची ही धारा क्षीण होत असताना कृषी संशोधनाची धारा मात्र स्वतंत्रपणे वाढत राहिली.

धानाच्या रोगांसाठी उभी राहिलेली यंत्रणा

१९४३ च्या बंगालमधील दुष्काळाची कारणे अनेक होती. युद्धकालीन धोरणे व भाववाढ ही त्यांपैकी प्रमुख. तथापि १९४२ सालच्या धानपिकावर पडलेल्या तपकिरी ठिपक्यांच्या रोगाचाही त्यात उल्लेख केला जातो. या पार्श्वभूमीवर १९४६ साली कटक येथे केंद्रीय भात संशोधन संस्था स्थापन झाली. १९६५ साली हैदराबाद येथे अखिल भारतीय समन्वित भात सुधार प्रकल्प सुरू झाला. देशाच्या वेगवेगळ्या भागांतील केंद्रांवर एकच वाण एकाच पद्धतीने लावायचे, करप्यासारख्या रोगांना ते किती दाद देते याच्या नोंदी घ्यायच्या आणि त्या एकत्र करून निर्णय घ्यायचा, ही या प्रकल्पाची कार्यपद्धती. केंद्र शासन, राज्यांची कृषी विद्यापीठे व स्थानिक केंद्रे यांच्या खर्चाची व कामाची वाटणी त्यात आधीच ठरलेली असते.

विदर्भात १९६९ साली अकोला येथे स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाने ही जबाबदारी उचलली. चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही येथील संशोधन केंद्र वडशाच्या शेतकऱ्याला परके नाही. रोगप्रतिकारक वाण म्हणजे एका अर्थाने पिकाला बीजातच मिळालेले संरक्षण होय. वनस्पतीला माणसासारखी प्रतिपिंडांची व्यवस्था नसते, त्यामुळे त्यास लस म्हणणे शास्त्रीय दृष्ट्या योग्य ठरणार नाही. परंतु रोग येण्यापूर्वी तयारी करणे हे तत्त्व दोहोंत समान आहे. झाडीपट्टीतील धानाला हे संरक्षण मिळावे यासाठी शासनाने दीर्घकाळ खर्च केला व तो योग्यच होता. ते धान कापणाऱ्या हातांसाठी अशी समन्वित यंत्रणा कधी उभी राहिली नाही, हा खरा प्रश्न आहे.

लसीचा शोध : अपयश आणि एक अनपेक्षित दुवा

माणसासाठी बुरशीविरोधी लस बनविण्याचा सर्वांत दीर्घ प्रयत्न अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील 'व्हॅली फीव्हर' या रोगासंबंधी झाला. कोक्सिडिऑइडिस नावाची बुरशी तेथील कोरड्या मातीत असते व धुळीबरोबर फुप्फुसात जाते. १९८० ते १९८५ या काळात कॅलिफोर्निया व अॅरिझोना राज्यांत २,८६७ व्यक्तींवर मृत बुरशीपासून केलेल्या लसीची चाचणी घेण्यात आली. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार तिने लक्षणीय संरक्षण दिले नाही. टोचलेल्या जागी होणाऱ्या दाहामुळे मात्रा वाढविण्यावर मर्यादा आली होती.

अपयशानंतरही कॅलिफोर्नियातील सार्वजनिक निधीच्या आधारे अनेक विद्यापीठांचा संयुक्त प्रकल्प १९९७ पासून चालला. निर्णायक कलाटणी मात्र वैद्यकातून नव्हे, शेतीतून आली. मक्यावर करपा आणणाऱ्या कोक्लिओबोलस बुरशीचा अभ्यास करताना वनस्पतिरोगतज्ज्ञांना 'सीपीएस १' नावाचे जनुक आढळले. ते काढून टाकले असता बुरशीची रोग निर्माण करण्याची क्षमता घटते, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. हेच जनुक कोक्सिडिऑइडिसमधून काढून टाकल्यावर ती बुरशी उंदरांना रोग देत नाही, उलट त्यांचे रक्षण करते, हे अॅरिझोना विद्यापीठातील गटाने २०१६ साली मांडले. या क्षीण केलेल्या जिवंत लसीने श्वानांनाही संरक्षण मिळते असे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. अमेरिकेच्या राष्ट्रीय अॅलर्जी व संसर्गजन्य रोग संस्थेने २०२२ साली या रोगासाठी सहयोगी संशोधन केंद्रांना अर्थसाहाय्य दिले, त्यांच्या उद्दिष्टांत लसीचाही अंतर्भाव आहे.

येथे एक तपशील नोंदविण्याजोगा आहे. मक्याची ही बुरशी आणि धानावर तपकिरी ठिपके पाडणारी बुरशी एकाच कोक्लिओबोलस कुलातील आहेत. ज्या कुलातील एका बुरशीचे नाव बंगालच्या दुष्काळाशी जोडले गेले, त्याच कुलातील दुसरीने माणसाच्या लसीची वाट दाखवली. पिकाचे रोग अभ्यासणारे आणि माणसाचे रोग अभ्यासणारे शास्त्रज्ञ एकत्र आले नसते तर हा दुवा हाती लागला नसता.

अडचणी अर्थातच कमी नाहीत. बुरशीची पेशी जीवाणूच्या पेशीपेक्षा माणसाच्या पेशीला अधिक जवळची असते. गंभीर बुरशीसंसर्ग बहुधा ज्यांची प्रतिकारशक्ती दुबळी असते त्यांना होतो आणि लस तर प्रतिकारशक्तीच्याच आधारावर काम करते. कँडिडा बुरशीविरुद्धच्या एका लसीची स्त्रियांमधील चाचणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. चाळीस वर्षांखालील गटात काही लाभ दिसला, तरी ती लस बाजारापर्यंत पोहोचली नाही. अशा अनिश्चित कामात खासगी भांडवल दीर्घकाळ थांबत नाही. म्हणूनच शासकीय निधी येथे पूरक नसून पायाभूत ठरतो. सांसर्गिक रोगांच्या संशोधनावरील एकूण निधीपैकी दीड टक्क्यापेक्षाही कमी वाटा बुरशीजन्य रोगांना मिळतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली १९ बुरशींची प्राधान्ययादी जाहीर करताना नमूद केले. त्या यादीत मायसेटोमाच्या बुरशीही आहेत. मायसेटोमाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत स्थान मिळाले ते २०१६ साली, म्हणजे कार्टर यांच्या ग्रंथानंतर १४२ वर्षांनी.

२०२१ चा धडा

कोविडच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसने बुरशी हा विषय घराघरांत पोहोचवला. मे २०२१ मध्ये केंद्र शासनाने राज्यांना हा रोग साथरोग अधिनियमाखाली अधिसूचित करण्यास सांगितले. प्लेगच्या काळातील १८९७ चा तोच कायदा बुरशीसाठी वापरात आला. जुलै २०२१ मध्ये संसदेत दिलेल्या माहितीनुसार देशात ४५ हजारांहून अधिक रुग्ण व ४,३०० हून अधिक मृत्यू नोंदले गेले होते. अॅम्फोटेरिसिन बी या औषधाचा तीव्र तुटवडा भासला. त्याच काळात विदर्भातच, वर्धा येथील एका कारखान्यात त्याचे उत्पादन सुरू झाले.

यातून दोन गोष्टी सिद्ध झाल्या. रोग नोंदणीयोग्य ठरवला की त्याची मोजदाद होते आणि मोजदाद झाली की पैसा व उत्पादन मागोमाग येते. तथापि साथ ओसरल्यावर लक्षही ओसरते. औषध संकटात उभे करता येते, लस मात्र संकटात उभी राहत नाही. तिच्यामागे वर्षानुवर्षांची शांत गुंतवणूक असावी लागते. भारतात याचेही उदाहरण आहे. रोटाव्हायरस लसीसाठीचा विषाणू दिल्लीत १९८० च्या दशकात वेगळा करण्यात आला, १९८७ च्या भारत–अमेरिका लस कृती कार्यक्रमाने सहकार्याची चौकट दिली, जैवतंत्रज्ञान विभागाने निधी पुरवला, दिल्ली, वेल्लोर व पुणे येथे ६,७९९ बालकांवर चाचणी झाली आणि २०१५ साली लस प्रत्यक्षात आली. तीन दशकांचा हा प्रवास शासकीय आधाराशिवाय अशक्य होता.

वडसा परिसराच्या दृष्टीने

दक्षिण भारतातील अभ्यासांत बुबुळावरील सांसर्गिक व्रणांपैकी जवळपास निम्मे बुरशीजन्य आढळले असून त्यांतील बहुसंख्य रुग्ण शेतीकाम करणारे होते. झाडीपट्टीत काम तेच, पीक तेच, ऋतूही तोच. कापणीत पाते लागले, मळणीत कुसळ गेले, तर मजूर डोळा चोळतो, पाणी मारतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर जातो. दिवसाची मजुरी बुडवून दूरच्या रुग्णालयात जाणे त्याला परवडत नाही. तो पोहोचतो तेव्हा बुबुळ पांढरे झालेले असते.

या व्रणावरील औषध निवडण्याचा प्रश्नही सहयोगी शासकीय निधीनेच सोडवला. अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्र संस्थेच्या अर्थसाहाय्याने तमिळनाडूतील अरविंद नेत्र रुग्णालय व कॅलिफोर्निया विद्यापीठ यांनी घेतलेल्या चाचणीत ३२३ रुग्ण सहभागी झाले. जुने नेटामायसिन हे नव्या व्होरिकोनाझोलपेक्षा सरस ठरल्याचे २०१३ साली प्रसिद्ध झाले. प्रतिबंधाबाबतचा अनुभव अधिक बोलका आहे. नेपाळमधील भक्तपूर येथे बुबुळाला खरचटल्यापासून १८ तासांच्या आत गावपातळीवरील सेवकाकडून साधे प्रतिजैविक मलम मिळालेल्यांपैकी कोणालाही व्रण झाला नाही, असे २००१ सालच्या अभ्यासात दिसले. पुढे भूतान, म्यानमार व दक्षिण भारतातील गावांतही अशाच पद्धतीची तपासणी झाली आणि तिचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. लस नसलेल्या रोगात वेळेवर मिळालेले मलम हेच लसीचे काम करते, असे म्हणावे लागेल.

गडचिरोलीत गावपातळीवरील संशोधन शक्य आहे का, या प्रश्नाचे उत्तर जिल्ह्यानेच दिले आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली सुरू केलेल्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावातीलच प्रशिक्षित स्त्रियांकरवी नवजात बालकांची घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला. नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झाले व ही पद्धत पुढे राष्ट्रीय कार्यक्रमाचा भाग बनली. ज्या जिल्ह्यातील स्त्रिया नवजात बालकाचा श्वास मोजू शकल्या, तेथे डोळ्यातील जखमेची नोंद ठेवणे अवघड नाही.

समारोप

वरील आढाव्यातून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, बुरशीजन्य रोगांचे दुर्लक्ष हे अज्ञानातून आलेले नाही. मायसेटोमाचा ग्रंथ प्लेगच्या लसीहून जुना आहे. हे दुर्लक्ष मोजदाद न झाल्यातून आले. दुसरी, जेथे शासनाने समन्वित पद्धतीने व दीर्घकाळ पैसा दिला, मग ते धानाचे वाण असो वा रोटाव्हायरसची लस, तेथे फळ मिळाले. तिसरी, पिकाच्या आणि माणसाच्या बुरशीचे ज्ञान परस्परांना उपकारक असते. व्हॅली फीव्हरच्या लसीची वाट मक्याच्या शेतातून गेली. शिवाय शेतात वापरलेल्या काही बुरशीनाशकांमुळे माणसाला संसर्ग करणाऱ्या बुरशीतही औषधरोध वाढतो, हेही आता मान्य झाले आहे. असे असताना भारतात कृषी संशोधन परिषद एका मंत्रालयाच्या आणि वैद्यकीय संशोधन परिषद दुसऱ्या मंत्रालयाच्या अखत्यारीत काम करते.

या दोन प्रवाहांचा संगम दिल्लीतच व्हावा असे नाही. सिंदेवाहीचे भात संशोधन केंद्र, चंद्रपूर व गडचिरोलीची शासकीय वैद्यकीय महाविद्यालये, २०११ साली स्थापन झालेले गोंडवाना विद्यापीठ आणि त्याच्याशी संलग्न महाविद्यालयांचे वनस्पतिशास्त्र व सूक्ष्मजीवशास्त्र विभाग एकाच धानपट्ट्यात आहेत. बांधीतील बुरशीचे नमुने आणि रुग्णाच्या डोळ्यातील बुरशीचे नमुने शेजारी ठेवून पाहण्याचे काम येथे माफक निधीतही होऊ शकते. लस तयार होईल तेव्हा ती मोठ्या प्रयोगशाळेतच होईल. पण ती कोणासाठी हवी आणि किती जणांसाठी हवी, हे सांगणारी नोंदवही वडशासारख्या गावांतच लिहावी लागेल. धानाच्या प्रत्येक वाणावर करपा किती पडला हे साठ वर्षे लिहिले गेले. ते धान कापताना किती डोळे गेले, हे लिहिण्याचे काम अजून बाकी आहे.